माझ्या टेबलावरचा फोन

लातूर जिल्हा नवा झाला आणि थोड्याच वर्षांत पावसानं पाठ फिरवली, त्या काळात मी एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट होते. खातं कोणतं ते लिहीत नाही. तिथली काही माणसं अजून आहेत आणि त्यांच्याशी पुन्हा बोलायची मला इच्छा नाही.

कार्यालय म्हणजे एका आडत्याचं भाड्यानं घेतलेलं गोदाम. पूर्वी तिथं मिरचीची पोती असायची. शिपायानं झाडू मारला की सगळं कार्यालय शिंकायचं. जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं आलेली कपाटं भिंतीला टेकवून ठेवली होती, त्यातल्या निम्म्यांच्या किल्ल्या वाटेतच हरवल्या होत्या. नऊ टेबलं, एक टाईपरायटर, एक फोन. टायपिस्टची पदं तीन मंजूर होती म्हणे. भरलेलं एकच, ते माझं.

मी उदगीरची. अप्पांचं किराणा दुकान होतं. कपाळाला विभूती लावून सकाळी सातला ते फळी उघडायचे आणि गिऱ्हाईक पुढ्यात असलं की घरचं कुणी मेलं म्हणून सांगायला आलं तरी आधी पुडी बांधून द्यायचे. टायपिंग मी शिकले ते चौबाऱ्याजवळच्या एका म्हाताऱ्या मुसलमान मास्तरांकडे. मशीनवर रुमाल टाकून ते माझे हात झाकायचे आणि म्हणायचे, "नजर कागद पे, बेटी. हाथ कू अपना काम मालूम हाय." बाहेर बैलांची झुंज लागली तरी ते मान वर करू द्यायचे नाहीत. वर्षभरात माझा हात असा बसला, की परीक्षेत माझ्या कागदावर लाल खूण नव्हती.

हाच हात माझ्या मुळावर आला.

आमचे बडेबाबू, म्हणजे कार्यालयातले मुख्य कारकून, जुन्या जिल्ह्यातून बदलून आलेले. यायचं नव्हतं, पाठवलं होतं. त्याचा राग ते कुणावर काढत नसत, फक्त काम करत नसत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पाहिलं, की मी टाईप करता करता कुणी काही विचारलं तर उत्तर देते आणि बोटं थांबत नाहीत. त्यांना फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी फोन त्यांच्या टेबलावरून माझ्या टेबलावर आला. मग आवक-जावकचं रजिस्टर आलं. मग अभ्यागत. कुणीही दारात आलं की बडेबाबू पेपरातून डोळा न काढता बोट माझ्याकडे करायचे.

"आमची बाई अष्टावधानी हाय," साहेबांसमोर ते सांगायचे. "एका टायमाला आठ कामं. तिला सांगा काय सांगायचं ते."

मी बावीस वर्षांची होते. मला ते कौतुक वाटलं, हे लिहायला आजही जीवावर येतं. मी हसले. रजिस्टर ओढून घेतलं.

दुष्काळ आला तसं आमचं काम वाढलं. कुठल्या गावाला टँकर, किती खेपा, याचे आदेश आमच्याकडून निघायचे. गावोगावचे सरपंच, पाटील, बायांचे मोर्चे, सगळे गोदामाच्या दारात. फोन सकाळी दहापासून बोंबलायचा. आणि ह्या सगळ्याच्या वर किल्ली.

किल्लीचं सांगते. कार्यालयात पिण्याच्या पाण्याचा एक पत्र्याचा ड्रम होता. शहराला तेव्हा आठवड्यातून एकदा नळ यायचा, त्यामुळे ड्रमच्या तोटीला कुलूप लावलं. किल्ली कुणाकडं ठेवायची यावर चर्चासुद्धा झाली नाही. बडेबाबू म्हणाले, "बाईमाणूस हाय नं आपल्याकडं. पाणी बायांकडंच असतंय." तेव्हापासून दर दहा मिनिटांनी कुणीतरी माझ्या टेबलाशी उभं राहायचं. "बाई, किल्ली." मी एका हातानं किल्ली द्यायची, दुसऱ्या हातानं ओळ पुरी करायची, मानेत फोन धरायचा. तो माणूस पाणी पिऊन किल्ली परत आणून रजिस्टरवर टाकायचा, ओल्या हातानं. आवकच्या नोंदीवर शाई पसरायची. ती नोंद पुन्हा मीच करायची.

आणि मी ते करत होते. आठ महिने केलं. घरी खोलीवर गेले की जेवताना हातातला घास विसरायचा. कुणी हाक मारली की दचकायचे. टाईप केलेल्या पानात माझ्या चुका व्हायला लागल्या होत्या, एक अक्षर इकडं, एक मात्रा तिकडं. मी त्या खोडायचे आणि कुणाला सांगायचे नाही. बडेबाबूंच्या "अष्टावधानी"ला बट्टा लागला असता.

त्या सोमवारी टँकरची नवी यादी निघायची होती. स्टेन्सिल कापायची होती. ज्यांनी ती कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: मेणाचा पातळ कागद, त्यावर टाईपरायटरची अक्षरं फीत न लावता आपटायची, अक्षराच्या जागी मेण फाटतं, मग त्यातून शाई गाळून शंभर प्रती काढायच्या. चूक झाली तर नखाला लावतात तसला लाल रंग लावून फुंकर मारायची आणि वाळल्यावर पुन्हा अक्षर आपटायचं. त्यातलं वाईट हे, की आपण काय लिहिलंय ते स्टेन्सिलवर नीट दिसत नाही. नजर हातकागदावरच, म्हणजे हातानं लिहिलेल्या मसुद्यावरच, पाहिजे.

यादीत एका नावाची दोन गावं असण्याचा धोका होता, आपल्याकडं सांगवी आणि वाड्या थोड्या आहेत का. म्हणून अशा नावापुढं कंसात जवळचं मोठं गाव लिहायचं. हातकागदावर एका वाडीपुढं 'रेणापूर' लिहिलेलं होतं. त्या वाडीची विहीर आटली होती. त्याच नावाची दुसरी वाडी निलंग्याकडं, तिच्या विहिरीला अजून पाणी होतं, तिला टँकर मंजूर नव्हता.

मी वाडीचं नाव आपटलं आणि फोन वाजला.

"हॅलो, निलंग्याहून बोलायलोय! निलंगा, निलंगा!" लाईन खराब होती, माणूस ओरडत होता. तेवढ्यात बडेबाबू मागून म्हणाले, "बाई, माझ्या पोराचा शाळेचा अर्ज झाला का हो? दोनच वळी हायत." समोर एक म्हातारा सरपंच हात जोडून उभा. शेजारच्या टेबलावरचे लेखापाल बोट वाकवून म्हणाले, "किल्ली."

माझी बोटं थांबली नाहीत. कंस उघडला, गावाचं नाव आपटलं, कंस बंद केला. मी किल्ली दिली. म्हाताऱ्याला बसायला सांगितलं. निलंग्याच्या माणसाला म्हटलं, सांगा. दुपारपर्यंत शंभर प्रती निघाल्या, बडेबाबूंनी न वाचता सही घेतली, साहेबांनी न वाचता सही केली, आणि जीपनं आदेश रवाना झाले.

टँकर निलंग्याकडच्या वाडीला गेला. त्या लोकांनी तक्रार कशाला करावी? ते पाणी उतरवून घेत राहिले. रेणापूरकडची वाडी वाट बघत राहिली. तिथल्या सरपंचानं दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तो मीच घेतला, आणि दोन्ही वेळा "आदेश निघालाय, टँकर येईल" असं सांगून ठेवून दिला, कारण समोर तिसरंच काहीतरी चालू होतं.

बाराव्या दिवशी ती आली.

माझ्याच वयाची असेल. कडेवर रिकामी घागर. दारात शिपायानं अडवलं, तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. सरळ माझ्या टेबलापाशी आली आणि घागर टाईपरायटरच्या सरकत्या गाडीवर ठेवली. गाडी सरकून टोकाला गेली, घंटी वाजली.

"टाईप करती ती तूच का?"

"हो. काय काम आहे?"

तिनं कमरेला खोचलेला आदेश काढला. सरपंचानं कुठून तरी मिळवलेली प्रत असावी, घामानं मऊ झालेली. "हे वाच. आमच्या गावापुढं काय लिवलंय?"

मी वाचलं. कंसात 'निलंगा' होतं.

"माझी सासू दीड कोसावरच्या हिरीत उतरली पाण्याला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पायऱ्या न्हाईत तिथं, खोबणी हायत. पाय सटकला. मांडीचं हाड मोडलंय. बाजेवर पडून हाय. मी सरपंचाला इचारलं तर तो म्हनला, फोन केला की टँकर येतोय म्हनत्यात. कोन म्हनतंय? तर म्हनला, बाई हाय एक."

आणि फोन वाजला.

मी उचलला. हे मला कधीच कुणाला समजावता आलं नाही. ती माझ्यासमोर उभी होती, मांडीचं हाड म्हणाली होती, आणि माझा हात आपोआप गेला आणि मी "हॅलो" म्हटलं.

तिनं पुढं झुकून फोनचं बटण बोटानं दाबून धरलं. लाईन कापली.

"मी बोलायलेय तुझ्याशी," ती म्हणाली. "माझ्याकडं बघ."

मी बघितलं. किती वेळ कुणास ठाऊक. आठ महिन्यांत मी कुणाच्याही तोंडाकडं इतका वेळ बघितलं नव्हतं.

मागून लेखापालांचा आवाज आला, "बाई, किल्ली."

त्या बाईनं मान वळवून त्यांना जी शिवी दिली ती मी इथं लिहीत नाही. पण ती मला फार आवडली.

त्याच दिवशी दुरुस्तीचा आदेश निघाला, टँकर रेणापूरकडं वळला. आणि संध्याकाळी चारला बडेबाबूंनी मला मेमो काढायचं ठरवलं. कार्यालयात टायपिस्ट एकच, त्यामुळे माझा मेमो मीच टाईप करायचा होता. बडेबाबू माझ्या खुर्चीमागं उभे राहून सांगू लागले, "आपण आपल्या कर्तव्यात अक्षम्य हलगर्जीपणा केल्याचे दिसून आले आहे." मी मशीनला कागद लावला. फोन वाजला. मी हात पुढं केला, तर त्यांनी तो स्वतः उचलला. "नंतर करा, महत्त्वाचं काम चालू हाय," म्हणाले आणि ठेवला. कुणीतरी किल्ली मागायला आलं, त्याला त्यांनी हातानंच परतवलं. दारातल्या लोकांना शिपायाकरवी बाहेर बसवलं. "जरा शांतता ठेवा रे, मेमोत चूक नको."

आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या गोदामात शांतता झाली. माझ्या मेमोसाठी झाली. मी तो दीड पानांचा मेमो एकाही चुकीशिवाय टाईप केला. मास्तरांनी रुमाल टाकला असता तरी चालला असता. शेवटी "सात दिवसांत खुलासा सादर करावा" हे वाक्य आपटताना मला इतका राग आला होता, की हात दगडासारखे स्थिर होते.

रविवारी मी एसटीनं रेणापूरला आणि तिथून चालत त्या वाडीला गेले. का गेले, सांगता येत नाही. माफी मागायला म्हणून गेले, असं म्हटलं तर बरं दिसेल. म्हातारी ओसरीवर बाजेवर होती, मांडीला बांबूच्या कांबी बांधलेल्या. सून चुलीपुढून उठली नाही.

"बघून झालं?" ती म्हणाली. "जा मग."

म्हातारीला कोण आलंय ते कळलं नव्हतं. "अगं, उन्हातनं आलीय पोर," ती म्हणाली, "पानी तरी दे तिला."

"टँकर तिच्याच कागदानं दुसरीकडं गेलता. तिला कशाला द्यायचं?"

तरी तिनं तांब्या आणून माझ्यापुढं आपटला. मी पाणी प्याले. गढूळ होतं. परत येताना रस्ताभर मी स्वतःशी भांडत होते आणि त्या भांडणात हळूहळू माझं तोंड बडेबाबूंकडं वळत गेलं. म्हातारीच्या मांडीचा दोष माझा होता, तो मी कुणावर ढकलत नाही. पण मी अष्टावधानी नव्हते. कुणीच नसतं. आठ कामं एका वेळी होत नाहीत, एकच काम आठ वेळा मोडतं. आणि ती सगळी कामं माझ्याकडं ढकलणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं स्वतःचं टेबल रिकामं ठेवलं होतं.

सोमवारी मी मशीनशेजारी एक कोरा कागद ठेवला. टाईप करताना कुणी थांबवलं की पेन्सिलीनं एक रेघ आणि वेळ. फोन असेल तर फ, किल्ली असेल तर क, बडेबाबूंचं घरगुती काम असेल तर घ. पाच दिवस लिहिलं. शुक्रवारी तो सगळा कागद जसाच्या तसा टाईप केला आणि खुलासा म्हणून बडेबाबूंच्या पुढ्यात ठेवला.

त्यांनी 'घ'ची ओळ वाचली आणि कागद परत सरकवला. "हे घेता येत न्हाई."

"ठीक," मी म्हटलं. माझ्या टेबलावर गेले, आवकचं रजिस्टर उघडलं, नोंद केली, कागदावर शिक्का मारला आणि क्रमांक टाकला. आवक माझ्याकडंच होतं. एकदा क्रमांक पडला की कागद फाडता येत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मग तो पुन्हा त्यांच्यापुढं नेऊन ठेवला.

साहेबांनी मला बोलावलं. ते पुण्याकडचे, सभ्य, आवाज न चढवणारे. कागद दोनदा वाचला. म्हणाले, "बाई, हे मोजण्यात जो वेळ घातला तो कामात घातला असता तर?"

मला वाटलं होतं, निदान तो माणूस वाचेल. तो वाचत होता आणि त्याला त्यात मी आळशी दिसत होते.

त्या रात्रीचं काही सांगत नाही, झोपले. दुसऱ्या दिवशी साडेनऊला, कुणी यायच्या आत, मी माझं टेबल ओढून भिंतीकडं तोंड करून लावलं. फोन उचलून बडेबाबूंच्या टेबलावर ठेवला. वायर जेमतेम पोचली, वाटेत ताणून राहिली. ड्रमशेजारी खिळा ठोकून किल्ली अडकवली. आणि शिपायाला सांगितलं, सगळ्यांना सांग: बारापर्यंत मी टाईप करते. बारानंतर आवक-जावक. बारापर्यंत मला कुणी हाक मारायची नाही.

बडेबाबू आले, वायरला अडखळले. "हे कुणी केलं?"

"मी."

"फोन कोण घेनार?"

"ज्याच्या टेबलावर आहे तो," मी भिंतीकडं बघत म्हटलं.

काम सुधारलं. बारापर्यंत माझं सगळं टायपिंग संपायला लागलं, खाडाखोड संपली. टँकरच्या यादीत पुन्हा चूक झाली नाही. त्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. सगळ्यांनी माझ्याशी बोलायचंच सोडून दिलं होतं. नऊ टेबलांचे आठ डबे एकत्र उघडायचे, माझा वेगळा. मला 'भिंतवाली' म्हणायचे. पाठीमागून खडूचे तुकडे यायचे, मोठ्या माणसांनी मारलेले. मी वळायचे नाही. मला त्यांचा इतका तिटकारा आला होता, की भिंत बघणं सोपं जायचं. लक्ष लागायला शांत मन लागतं असं म्हणतात. माझं रागानं लागलं.

सहा महिन्यांनी बदली आली. हदगाव. नांदेडच्या पलीकडं, उदगीरहून दिवसभराचा प्रवास. बडेबाबू मला निरोपाला म्हणाले, "तिथं भिंती लई हायत."

हदगावला कार्यालय लहान, चार माणसं. पहिल्याच दिवशी मी माझा नियम सांगितला. तिथल्या कारकुनानं, उंच, पान खाणाऱ्या, माझ्याच वयाच्या माणसानं, नुसती मान हलवली. फोन त्याच्याकडं राहिला.

एका मंगळवारी बरोबर बारा वाजता तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "उदगीरहून फोन होता. तुमच्या वडिलांना लकवा झाला."

"कधी आला फोन?"

"दहाला."

"दहाला? मग आता सांगता?"

"तुम्हीच सांगितलं होतं की," तो म्हणाला. चेहरा कोरा होता. "बारापर्यंत हाक मारायची न्हाई."

नांदेडमार्गे उदगीरला जाणारी थेट गाडी साडेदहाला सुटून गेली होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी उदगीरला पोचले. अप्पा जागे होते, मला बघत होते, तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द नव्हता. भाऊ म्हणाला, "काल संध्याकाळपर्यंत अडखळत बोलत होते. सारखं तुलाच विचारत होते, पोचली का म्हणून." त्यानंतर अप्पा दोन वर्षं जगले, पण बोलले नाहीत. त्यांना मला काय सांगायचं होतं ते मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. कदाचित फक्त पोचली का, एवढंच.

आठवड्यानं मी हदगावला परत गेले. कारकुनाशी भांडायचं गाडीत ठरवलं होतं, वाक्यंही जुळवली होती. पण काय भांडणार? त्यानं माझा नियम अक्षरशः पाळला होता. त्यात त्याची खुन्नस होती हे मला दिसत होतं, त्यालाही मला दिसतंय हे माहीत होतं, आणि दोघांनाही ते सिद्ध करता येणार नव्हतं. मी त्याला आजही माफ केलेलं नाही. स्वतःलाही नाही, पण तो वेगळा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला मी एका लांबलचक आदेशाच्या मधे होते. तो मुद्दाम पायांचा आवाज करत आला. माझ्या खांद्याशी वाकला.

"बाई, फोन हाय."

"घरचा?"

"न्हाई. गेवराईचं कुणीतरी, राँग नंबर. म्हटलं, सांगून ठेवावं. पुन्हा म्हणाल सांगितलं न्हाई."

मागं दोघं जण फिसकन हसले. माझी बोटं कीबोर्डवर तशीच होती. आदेशातली ओळ अर्धी राहिली होती, एका गावाच्या नावाच्या मधोमध. मी हातकागदावर ते नाव शोधलं, त्यावर डावं बोट ठेवलं.

"घरचा असेल तर लगेच," मी म्हटलं. "बाकी सगळं बारानंतर."

आणि नाव पुरं केलं.